गंजलेला रंधा: घासायला बसण्याआधी

लाकूड तासायचा पहिला जुना लोखंडी रंधा मी अकरा संध्याकाळी घासला. चौदा इंची, पाच नंबरचा, वरपासून खालपर्यंत तांबूस झालेला. आधी रॉकेल, मग तारेचा ब्रश, मग वॉटर पेपरचे चढते नंबर. मूठ खरवडून तिला तेल पाजलं, पितळी चाकी लखलखीत केली, पात्याला अशी धार काढली की मनगटावरचे केस उडत होते. बाराव्या दिवशी पातं बसवलं, ते पक्कं करणारी लिव्हर दाबली आणि लाकडावर चालवायला घेतला. पहिले दोन हात नीट गेले. तिसऱ्या हाताला पातं थरथरलं आणि लाकडावर बारीक बारीक लाटा उठल्या. पातं काढून रंधा खिडकीसमोर धरला तेव्हा दिसलं की तोंडाच्या, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं त्या तळाच्या फटीच्या, उजव्या कोपऱ्यातून एक काळी रेघ निघून बाजूच्या भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढली आहे. केसाएवढी. लिव्हर दाबली की ती उघडायची, सोडली की मिटायची.

माझे सासरे ओतकामाच्या कारखान्यात लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, करायचे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्यांना हातालाच कळायचं. त्यांनी रंध्याचं सगळं सामान उतरवलं, नुसता बिडाचा सांगाडा एका टोकाकडून लांबीच्या साधारण पाव हिश्श्यावर दोन बोटांच्या चिमटीत सैल धरला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच टोला दिला. ‘थक्’ असा बसका आवाज आला. मग त्यांचा स्वतःचा रंधा तसाच उतरवून, तसाच धरून वाजवला. तो घंटेसारखा वाजला आणि थोडा वेळ वाजतच राहिला. “अगं, हे पहिल्या दिवशी ऐकायचं असतं,” एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून मी आधी पाऊण तास रंधा तपासते, मग ठरवते आणि मगच घासायला घेते. इथे जे सांगते आहे ते त्या पाऊण तासाबद्दल. सामान फार लागत नाही: खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, स्टीलची पट्टी, थोडं रॉकेल, फडकं, खडूचा तुकडा, एक बारीक कानस आणि जाड काचेचा तुकडा.

मुळात तो चांगला होता का?

गंज काढून रंधा फार तर पहिल्या दिवशी होता तितका चांगला होतो. जो नवा असतानाच धड चालत नव्हता, त्याच्यावर आठवडा घालवलात तर हातात एक स्वच्छ पण वाईट रंधा उरतो. म्हणून गंजाकडे बघण्याआधी बांधणी बघा.

लिव्हर कॅप, म्हणजे पात्याला वरून दाबून धरणारं लिव्हरचं झाकण, उचला, पातं काढा. खाली जो तिरका ठोकळा दिसतो, ज्याच्यावर पातं टेकतं, त्याला फ्रॉग म्हणतात. त्याचे दोन स्क्रू सोडून तो बाहेर काढा. आता तो जिथे बसला होता ती बुडावरची जागा टॉर्चनं बघा. चांगल्या रंध्यात तिथे मशीनवर सपाट केलेले पट्टे असतात, रंग नसलेले, आणि फ्रॉगच्या पोटाला त्यांच्याशी जुळणारे तसेच पट्टे असतात. बीड बिडावर सपाट टेकतं, पात्याला खालून पक्का आधार मिळतो. वाईट रंध्यात फ्रॉग खडबडीत, रंग फासलेल्या ओतकामावरच बसवलेला असतो, किंवा फ्रॉग म्हणून नुसता वाकवलेला पत्रा असतो. असला रंधा मी दाराशीच परत करते. त्याच्यात पातं कितीही महागाचं घाला, ते थरथरणारच.

इथे थोडा इतिहास कामाला येतो. आज जगभर जो लोखंडी रंधा दिसतो त्याची रचना लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराची. स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीनं त्याचे हक्क 1869 साली घेतले, आणि तेव्हापासून 45 अंशांचा फ्रॉग, मागे पितळी चाकी, वर लिव्हर कॅप ही मांडणी सगळ्यांनीच उचलली. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे रंधे 1931 पासून निघाले, तेही याच घाटाचे. नंबरांची भाषाही तिथलीच: चार नंबर म्हणजे साधारण साडेनऊ इंच लांब, पाच नंबर चौदा इंच, सात नंबर बावीस इंच. चार आणि पाचचं पातं साधारण दोन इंच रुंद, सातचं त्याहून जरा मोठं. फ्रॉगच्या मागे बुडावर ओतीव अक्षरांत पेटंटच्या तारखा दिसल्या आणि त्यातली शेवटची 1910 ची असली, तर तो रंधा पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा समजा. त्या काळातलं ओतकाम आणि मशीनकाम मला अजूनही सगळ्यात जास्त आवडतं. दुसऱ्या महायुद्धातल्या रंध्यांवर पितळी चाकीच्या जागी काळी कठीण रबराची किंवा पोलादी चाकी दिसते, कारण पितळ युद्धाकडे गेलं होतं. ती बघून कुणी नकली म्हणून नाकारू नये. फ्रॉग पुढेमागे करणारा मागचा छोटा स्क्रू 1907 च्या सुमाराला आला. तो नसला तर रंधा फक्त त्याआधीचा आहे, त्यात काही बिघडलेलं नाही.

एकच अपवाद मनात ठेवा. हातात अगदी चिमुकला, साडेपाच इंची, सव्वा इंच पात्याचा एक नंबरचा रंधा आला, किंवा काही फार वेगळं, कधीच न पाहिलेलं आलं, तर तेलाचं फडकं फिरवा आणि थांबा. संग्राहकांना जुना रंग आणि जुनी कळा जशीच्या तशी हवी असते. तुम्ही घासून काढलेली कळा परत येत नाही.

चीर

यावर मी जास्तीत जास्त वेळ घालवते, कारण बाकी बहुतेक सगळ्याला उपाय आहे.

बीड दाब सोसतं, आपटणं सोसत नाही. रंधा टेबलावरून फरशीवर पडला की तो वाकत नाही, तडकतो. आणि तडकतो तो ठरलेल्या जागी. तोंडाची फट आरपार असते, तिच्या पुढच्या आणि मागच्या भागाला बाजूच्या भिंतींशिवाय जोडणारं फारसं काही नसतं; म्हणून बहुतेक चिरा तोंडाच्या कोपऱ्यातून सुरू होऊन भिंतीवर चढतात. दुसरी जागा मागच्या मुठीचा स्क्रू जिथे बुडात शिरतो तो उंचवटा. तिसरी लिव्हर कॅप. तिचे वरचे कोपरे आणि खालची कड उडालेली सापडते, कारण लोक मधला स्क्रू गच्च आवळतात आणि मग लिव्हर जोर लावून खाली दाबतात.

गंजाखाली चीर दिसत नाही, म्हणून आधी आवाज. सांगाडा पूर्ण मोकळा करा, एकही स्क्रू आत नको, नाहीतर सैल स्क्रूची खरखर तुम्हाला फसवेल. पाव हिश्श्यावर सैल धरा, लाकडानं टोला द्या. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर सांगाडा बहुधा धड आहे. बसका, लगेच विझणारा आवाज आला तर चीर शोधायला लागा. सात नंबरसारखा लांब रंधा खोल आवाजात वाजतो, त्याला बसका समजू नका. आवाज टिकतो की नाही ते ऐका.

आता खडूची परीक्षा. ही मला सासऱ्यांनी शिकवली आणि ओतकामात ती जुनीच आहे. तोंडाभोवतीचा दोन-दोन इंचांचा भाग रॉकेलनं आणि ब्रशनं निदान वरवर साफ करा. मग तिथे रॉकेल सढळ लावून दहा मिनिटं सोडा. फडक्यानं अगदी कोरडं पुसा. खडू कुटून त्याची पूड बोटानं पातळ पसरा आणि वाट बघा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली, करडी रेघ उमटते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. काही नव्हतं तिथे, आणि दोन मिनिटांनी पेन्सिलीनं ओढावी तशी रेघ. मुठीच्या उंचवट्यालाही हीच पूड लावा.

चीर सापडली तर? तोंडापाशी असेल आणि रंधा नेहमीच्या नंबरचा असेल तर सोडून द्या. बिडाला जोड देता येतो, पण त्यासाठी अख्खा तुकडा सावकाश तापवून सावकाश निववावा लागतो, आणि त्यात तळ वाकतो तो पुन्हा सपाट करणं आलं. पूर्वीच कुणी ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून, जोड दिलेला असेल, पितळी रंगाची शिवण दिसत असेल आणि काचेवर रंधा डुलत नसेल, तर मात्र मी तो घेते. जोड जुना आहे म्हणजे तो टिकलेला आहे. लिव्हर कॅपचा नुसता कोपरा उडाला असेल तर चालतं. जिथे ती चिपब्रेकरवर, म्हणजे पात्यावर स्क्रूनं बसवलेल्या दुसऱ्या पट्टीवर, टेकते ती कड अखंड हवी.

तोंड

रंधा उलटा धरा आणि फटीची पुढची कड बघा, पात्याच्या समोरची. सरळ हवी, टोकदार हवी, पात्याला समांतर हवी. लाकूड कापलं जाण्याच्या ऐन क्षणी ही कड त्याला दाबून धरते, म्हणून लाकूड फाटत नाही, नुसती साल, म्हणजे पातळ पापुद्रा, निघते. ती उडालेली असेल, किंवा मागच्या कुणी मालकानं ‘साल अडकते’ म्हणून कानशीनं फट मोठी केली असेल, तर तो रंधा शेवटचा गुळगुळीत हात द्यायला कामाचा राहिला नाही. फ्रॉग पुढे सरकवून थोडी भरपाई होते, पण फ्रॉग फार पुढे नेला की पात्याला खालून बुडाचा आधार राहत नाही.

तरीही लगेच फेकू नका. पाच नंबरच्या रंध्याचं मुख्य काम ओबडधोबड लाकूड भरभर उतरवणं. तिथे जाड साल निघते आणि मोठं तोंड उलट बरं पडतं. त्याच्या पात्याला किंचित गोलाई द्या आणि वापरा. चार नंबरला मी हेच माफ करत नाही.

गंज स्वतः

आता ज्याला सगळे घाबरतात ते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणजे वर एक मिलिमीटरचा थर दिसतो तेव्हा आतलं लोखंड तितकं गेलेलं नसतं. माझा आजचा रोजचा रंधा, चार नंबरचा, गळक्या छपराखाली कित्येक पावसाळे पडून होता. त्याचे सगळे भाग एकमेकांना चिकटून एकच वीट झाली होती. ज्यांच्याकडून तो आला त्यांनी तो दार अडवायला वापरला होता. स्क्रू सुटायलाच चार दिवस लागले. पण सांगाडा मोकळा करून वाजवला तेव्हा तो घंटेसारखा वाजला, आणि मी तिथेच ठरवलं.

नख फिरवून बघा. बोटाला तांबडी पूड लागते, रॉकेलच्या फडक्यानं करडं बीड दिसू लागतं, तो वरवरचा गंज. एका दुपारचं काम. काळपट, कठीण, पापुद्रे धरलेला गंज असेल तर बोथट सुरीच्या टोकानं एक पापुद्रा उचला आणि खाली बघा. खाली खड्डे असतील. आता प्रश्न इतकाच की खड्डे कुठे आहेत.

तळावरचे विखुरलेले खड्डे मला अजिबात खटकत नाहीत. रंधा उंच जागांवर चालतो, खड्ड्यांत फार तर मेण साठतं. काही रंधे मुद्दाम तळाला लांब खाचा पाडूनच विकले जात, लाकडाशी घर्षण कमी व्हावं म्हणून, आणि ते छान चालतात. बाजूच्या भिंतींवरचे खड्डे तर नुसते दिसण्याचे. पण तोंडाच्या पुढच्या कडेला लागून अर्ध्या इंचात खोल खड्डे असतील तर ती कड झिजवून सरळ करता करता तोंड मोठं होतं. आणि फ्रॉगच्या बैठकीवर खड्डे असतील तर बैठक डुलते का ते बघा: फ्रॉग स्क्रूशिवाय नुसता जागेवर ठेवा, कोपऱ्यांवर आलटून पालटून बोट दाबा. टकटक झाली तर बैठक खराब. थोडी टकटक कानशीनं आणि शाईच्या खुणेनं जाते, पण ते धीराचं काम आहे.

आटे आणि चाकी

सगळ्यात जास्त रंधे इथे मरतात, आणि तेही माणसाच्या हातून. अडकलेला स्क्रू दिसला की जोर लावला जातो, खाच चेंदली जाते, मग पकड येते, मग डोकं तुटतं. स्क्रू तुटून बुडात अडकला की सोपं काम अवघड झालं.

गंज सोडवणारं पातळ तेल टाका, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका. खाचेत पूर्ण रुंदीभर बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, आणि आधी किंचित आवळायच्या दिशेला जोर देऊन मग सोडायला घ्या. ज्योत लावू नका. एकाच जागी तापलेलं बीड तडकतं.

पात्याची खोली कमीजास्त करणारी पितळी चाकी ज्या दांड्यावर फिरते, त्याचे आटे डावे असतात. नेहमीच्या उलट. हे माहीत नसलेला माणूस चाकी ‘सोडवायला’ म्हणून आणखी गच्च करतो. चाकी पूर्ण काढून आटे बघा, झिजून गोल झालेत का.

आणि हे लक्षात ठेवा की स्टॅन्लेच्या या रंध्यांतले स्क्रू आजच्या नेहमीच्या मापांचे नाहीत. मुठीचे दांडे आणि फ्रॉगचे स्क्रू इंचाला 20 आट्यांचे, आणि जाडी अशी की शेजारच्या हार्डवेअरमधला कुठलाही स्क्रू त्यात नीट जात नाही. म्हणून एक स्क्रू हरवलेला असेल तर ‘लावू कुठलातरी’ असं मनात धरू नका. बुडातले आटे धड आहेत आणि स्क्रू नाही, तर मिळण्याची वाट बघता येते. कुणीतरी भलताच स्क्रू पिळून घातला आहे आणि आटे फाटले आहेत, तर रंध्याची किंमत माझ्या मनात निम्मी होते.

फ्रॉगच्या मागे वाय आकाराचा काटा असतो, चाकीच्या खोबणीत त्याचे दोन पाय बसतात. जुन्या रंध्यांत तो बिडाचा आहे आणि त्याचा एक पाय तुटलेला वारंवार सापडतो. एका पायावरही चाकी कशीबशी चालते, पण पातं वाकडं खेचलं जातं. चार आणि पाच नंबरचे फ्रॉग आणि त्यांचं सामान एकमेकांना चालतं, त्यामुळे हा भाग मिळतो. हे आणि हरवलेलं चिपब्रेकर यांनी मी कधी नकार देत नाही. पण एकाच रंध्यातले तीन-चार भाग गायब असतील तर दुसरा रंधा शोधणं बरं. भाग गोळा करताना तो पूर्ण रंध्याहून भारी पडतो.

दुसऱ्या कंपनीचा फ्रॉग बसवलेला असणं हेही नेहमीचं. बाहेरून सगळं जुळल्यासारखं वाटतं, पण पातं तोंडाशी समांतर येतच नाही. फ्रॉग काढून त्याचे पट्टे आणि बुडाचे पट्टे रुंदीला जुळतात का ते बघा.

पातं

पात्याची सपाट पाठ बघा, जिथे चिपब्रेकर टेकतं ती बाजू. लोक उतारावरचा गंज बघून हळहळतात. तो तर दगडावर पहिल्या पाच मिनिटांत जातो. धार म्हणजे दोन पृष्ठं जिथे मिळतात ती रेघ. त्यातलं एक पृष्ठ खड्ड्यांचं असेल तर धार ज्या ज्या वेळी एखाद्या खड्ड्यात पोचेल त्या त्या वेळी तिला दात पडेल, आणि तुमच्या लाकडावर त्या जागी एक उंच रेघ राहील. भिंग असेल तर लावा. पाठीच्या शेवटच्या पाव इंचात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले तर आधी दगडावर थोडी पाठ घासून बघा. ठिपके लहान होत असतील तर ते उथळ आहेत, जातील. तसेच राहत असतील तर पात्याची लांबी तेवढी कापून मागे जावं लागेल.

मागे जायला लांबी उरली आहे का? मधली लांबट खाच जिथे संपते तिथून धारेपर्यंतचं अंतर बघा. कठीण केलेलं पोलाद साधारण त्या खाचेपर्यंतच असतं. अर्धा इंचच उरला असेल तर पात्यानं आपलं आयुष्य काढलेलं आहे. धारेजवळ निळा-जांभळा रंग दिसला तर कुणीतरी कोरड्या ग्राइंडरवर ते जाळलं आहे. तिथल्या पोलादाचा कडकपणा गेला. कानशीनं तपासता येतं. कठीण पोलादावर कानस घसरते, मऊवर ती चावते.

पण पात्यावरून रंधा नाकारू नका. दोन इंची पाती नवी मिळतात आणि बहुधा जुन्याहून सरसच असतात. फक्त फार जाड पातं घेतलंत तर ते जुन्या तोंडात बसत नाही आणि वाय काट्याचं टोक चिपब्रेकरच्या खाचेपर्यंत पोचत नाही. मूळ पाती जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतात. चिपब्रेकरची पुढची कड पात्याला कुठेही फट न ठेवता टेकली पाहिजे. ती दगडावर दहा मिनिटांत जुळवता येते.

तळ

सगळं परत जोडा. पातं तोंडाच्या आत ओढून ठेवा पण लिव्हर दाबलेली असू द्या, कारण लिव्हरच्या ताणानं तळ किंचित आकार बदलतो आणि काम करताना तो तसाच असतो. जाड काचेवर रंधा ठेवा. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बोटं दाबा. डुलला तर तळात पीळ आहे. मग छपाईच्या साध्या कागदाची अरुंद पट्टी घ्या, तिची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर, आणि ती पुढच्या टोकाखाली, तोंडाच्या अगदी पुढे आणि मागच्या टोकाखाली सरकवून बघा. या तीन जागा टेकल्या पाहिजेत. मधले इतर भाग थोडे खोलगट असले तरी चालतात.

तोंडाच्या पुढे कागद सहज आत गेला तर चार नंबरचा तळ घासावा लागेल. साडेनऊ इंचांचं काम आहे, काचेवर वॉटर पेपर चिकटवून एका सकाळी होतं. तेच सात नंबरला दिसलं तर मी पुन्हा विचार करते. बावीस इंच बीड हातानं घासताना माणूस नकळत टोकं जास्त झिजवतो आणि तळ पोटाळ होतो. मी एकदा असा बिघडवला आहे आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. पाच नंबरला कागद गेला तरी मी काहीच करत नाही.

बाजूची भिंत तळाशी काटकोनात आहे का हे लोक गुण्या लावून तपासतात. रंधा आडवा टाकून फळीची टोकं साफ करणार असाल तरच त्याला अर्थ आहे.

मूठ आणि लाकडी रंधे

मुठीचं वरचं शिंग मोडलेलं असतं. नेहमीच. सरस लावून जोडा, किंवा नवी मूठ करा. जुन्या मुठी शिसवीच्या असतात आणि घामानं काळ्या झालेल्या. कोमट पाणी, थोडा साबण आणि तेल एवढ्यानं त्या उजळतात.

पूर्ण लाकडी रंध्याचं वेगळं आहे. तिथे पाचर जिथे दाबून बसते त्या आतल्या खोबणीच्या भिंती बघा. तिथे उभी भेग असेल तर प्रत्येक ठोक्याला ती वाढणार. वाळवीची किंवा भुंगेऱ्याची भोकं असतील तर ठोकळा टेबलावर आपटून बघा, ताजी पिवळी भुकटी पडली तर तो घरात आणू नका. तोंड झिजून मोठं झालं असेल तर तळाला लाकडाचा तुकडा बसवून लहान करता येतं. आणि ठोकळा गेला असला तरी पातं मात्र काढून घ्या. जुनी लाकडी रंध्यांची पाती जाड, धारेकडून वर निमुळती होत जाणारी आणि धारेला कठीण पोलादाचा थर जोडलेली असतात.

ठरवताना

तपासणी झाली की मी कागदावर दोनच गोष्टी लिहिते: हा कुठल्या कामाला लागणार, आणि त्या कामाला आड येणारं नेमकं काय आहे. ‘चार नंबर. गुळगुळीत हातासाठी. काटा तुटका, तळ घासायचा, पात्यावर खड्डे.’ आड येणाऱ्या तिन्ही गोष्टींना उपाय आहे, मग तो घ्यायचा. ‘चार नंबर. तोंडाची कड उडालेली.’ नाही. रंधा आधीच घरात असेल, आजोबांचा असेल, तर हिशेब वेगळा आणि तो ज्याचा त्यानं करायचा. पण तेव्हाही तो चालणार की नुसता भिंतीवर राहणार हे आधी कळलेलं बरं.

घ्यायचं ठरलं तर गंज काढायच्या पद्धतींत एवढंच सांगते की व्हिनेगरमध्ये बीड काही तासांपेक्षा जास्त ठेवू नका, दर तासाला बघा, आणि काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच वाळवून तेल लावा. वॉशिंग सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून गंज काढणार असाल तर दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस कधीच नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावरच करा, कारण हायड्रोजन निघतो.

नाही ठरलं तर भंगारात टाकण्याआधी तो पूर्ण उतरवा. पितळी चाकी, वाय काटा आणि त्याची पिन, फ्रॉगचे दोन्ही स्क्रू, मुठीचे दांडे आणि त्यांची पितळी टोपणं, लिव्हर कॅपचा स्क्रू. सगळं तेलात बुडवून, पुसून, कुठल्या नंबरच्या रंध्याचं ते चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा. माझ्या त्या अकरा संध्याकाळींच्या पाच नंबरचा काटा आज गळक्या छपराखालच्या चार नंबरमध्ये बसला आहे. मुठीचा मागचा दांडाही त्याचाच होता, फक्त तो पाऊण इंच लांब निघाला. कापून कानस मारली आणि बसवला.